देवळालीच्या मास्तरांची संख्या

श्रोत्यांनीं कागद-पेन्सिल हाताशीं घ्यावी. चार अंकी कोणतीहि संख्या मनांत धरावी. मात्र तिचे चारहि अंक सारखे नसावेत. ते अंक उतरत्या क्रमानें मांडावेत, आणि त्या संख्येंतून तेच अंक चढत्या क्रमानें मांडून वजा करावेत. आलेल्या बाकीवर पुन्हां हाच संस्कार करावा. बाकी तीन अंकीच आली तर डावीकडे शून्य देऊन चार अंक पुरे करावेत.

उदाहरणार्थ १९०५ घ्या. ९५१० मधून ०१५९ वजा जातां ९३५१ उरतात. पुढें अनुक्रमें ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या वजाबाकीस ६१७४. आतां ७६४१ मधून १४६७ वजा केले तर? पुन्हां ६१७४ च! कोठूनहि निघालें तरी फार तर सात पायऱ्यांत येथें येऊन थांबावें लागतें.

उदाहरणाचें साल सहज घेतलेलें नाहीं. १९०५ सालीं डहाणूस दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म झाला. वैजापूर तालुक्याच्या कडेनें वाहणारी गोदावरी ज्या नाशिकहून येते, त्या नाशिकजवळील देवळालीस त्यांनीं १९३० पासून १९६२ पर्यंत शाळेंत मास्तरकी केली. फर्ग्युसन कॉलेजांत असतां १९२७ सालीं त्यांस रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालें होतें. पुढें मात्र विद्यापीठांत जागा नाहीं, कीं मदतनीस नाहीं. शाळा सुटल्यावर अंकांचा व्यासंग, एवढाच त्यांचा संसार म्हणावा. ६१७४ चा हा गुण त्यांनीं १९४९ सालीं मद्रासच्या गणित-परिषदेंत मांडला.

कित्येक विद्वानांनीं तो हंसण्यावारी नेला. ही अंकांची करमणूक झाली, गणित नव्हे. संख्या दहाच्या आधारानें लिहितात म्हणून ही मौज, दुसऱ्या आधारानें लिहिल्यास ६१७४ चें हें माहात्म्य उरत नाहीं, असा आक्षेप. आक्षेप खोटा नाहीं. परंतु असें कां व्हावें, हा प्रश्न गणिताचाच आहे, आणि त्याचें उत्तर मोठें सुबक आहे. सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान अंकांतील अंतरास ९९९ नें गुणावें, मधल्या दोन अंकांतील अंतरास ९० नें गुणावें, आणि दोन्ही गुणाकार मिळवावेत. तीच आपली बाकी. म्हणजे हजारों संख्यांचा पसारा दोन अंतरांवर आला. पहिलें अंतर १ ते ९, आणि दुसरें पहिल्याहून मोठें होऊं शकत नाहीं. अशा जोड्या अवघ्या ५४. तेवढ्या तपासल्या कीं सिद्धता पुरी. चौथी-पांचवीची वजाबाकी येणाऱ्या मुलासहि हें काम एका संध्याकाळचें आहे.

तीन अंकांना ४९५ हा असाच मुक्काम आहे. दोन अंकांना मुक्काम नाहीं. तीं बापडीं ९, ८१, ६३, २७, ४५ अशीं रिंगण धरून फिरत राहतात.

१९७५ सालीं अमेरिकेंत मार्टिन गार्डनर यांनीं ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकांत कापरेकरांविषयीं लिहिलें, तेव्हां कोठें त्यांचें नांव जगभर झालें. त्या वेळीं मास्तर सत्तरीचे होते.

ज्या संख्येस तिच्या अंकांच्या बेरजेनें नि:शेष भाग जातो, तिला कापरेकरांनीं ‘हर्षद’, म्हणजे हर्ष देणारी, असें नांव दिलें. ६१७४ च्या अंकांची बेरीज १८. भाग देऊन पाहावा. ३४३ येतील, म्हणजे ७ चा घन. आणि पेन्सिल हातांत आहेच, तर १८, त्याचा वर्ग ३२४ व त्याचा घन ५८३२ यांची बेरीजहि करून पाहावी.