मैदान कुणाच्या दारात?



आज मी तुमच्यापुढे दोन गावांची नावं घेणार आहे. एक टार्नाबी, उत्तर स्वीडनमधलं, जेमतेम पाचशे वस्तीचं. दुसरं मांडवा, आपल्या नगरच्या पलीकडे, बीडच्या आष्टी तालुक्यातलं.

टार्नाबीचा इंगेमार स्टेनमार्क हा बर्फाच्या उतारावरच्या स्की शर्यतींचा विक्रमवीर. १९७४ ते १९८९ या काळात त्याने विश्वचषकाच्या ८६ शर्यती जिंकल्या. १९८० च्या लेक प्लॅसिड ऑलिंपिकमध्ये स्लालम आणि जायंट स्लालम, दोन्हींची सुवर्णपदकं त्याचीच. या शर्यतींत उतारावर रोवलेल्या फाटकांमधून वळणं घेत खाली यायचं असतं. एक फाटक हुकलं की स्पर्धक बाद. दोन फेऱ्यांची वेळ जोडली जाते आणि निकाल बहुतेकदा सेकंदाच्या काही शतांशांवर लागतो. अशा खेळात १९७९ मध्ये यास्ना इथे स्टेनमार्क चार सेकंदांहून जास्त फरकाने जिंकला. त्याचा ८६ चा आकडा ओलांडला गेला तो थेट २०२३ मध्ये. अमेरिकेच्या मिकेला शिफ्रिनने तो ओलांडला, तेही स्वीडनमध्येच.

मला मात्र स्टेनमार्कपेक्षा त्याच्या गावाचं अप्रूप जास्त आहे. त्याच गावचा, त्याच्याच वयाचा स्टिग स्ट्रँड १९८३ च्या मोसमात स्लालमच्या गुणांत त्याच्या बरोबरीला आला. त्याच गावच्या आन्या पॅर्सनने २००६ मध्ये तुरीनला ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं. पाचशे वस्तीत असे तिघं! गुणवत्ता काही एका गावात जास्त आणि दुसऱ्यात कमी अशी वाटलेली नसते. टार्नाबीला गावालगत उतार आहे, एवढंच. पोरं लहानपणापासूनच त्या उतारावर दिसतात.

आता मांडवा. तिथल्या धावपटू अविनाश साबळेला शाळेत जायला वाहन नव्हतं, रोजचं सहा किलोमीटर अंतर पायांनीच कापायचं. घरची परिस्थिती बेताची. बारावी झाली आणि तो सैन्यात गेला, महार रेजिमेंटमध्ये. सियाचिनचा बर्फ पाहिला, राजस्थानची वाळू पाहिली. २०१५ मध्ये लष्कराच्या क्रॉस कंट्री शर्यतींत धावायला लागला, तेव्हा त्याने विशी गाठली होती. पुढे प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्याला ३००० मीटर स्टीपलचेसकडे वळवलं.

ही शर्यत जरा जवळून बघा. साडेसात फेऱ्यांत २८ अडथळे आणि पाण्याच्या ७ उड्या. अडथळा म्हणजे जाड लाकडी तुळई, पाय लागला तरी ती पडत नाही, माणूस पडतो. पाण्याच्या खड्ड्याचा तळ पुढे पुढे वर येत जातो. उडी जितकी लांब, तितकं पाणी कमी. आखूड पडलात की बूट भिजून जड होतात आणि राहिलेलं अंतर त्याच बुटांनी धावायचं असतं.

१९८१ मध्ये गोपाळ सैनींनी केलेला राष्ट्रीय विक्रम ३७ वर्षं कुणाला मोडता आला नव्हता. अविनाशने तो २०१८ मध्ये भुवनेश्वरला ८ मिनिटं २९.८० सेकंदांत मोडला. मग पुनःपुन्हा स्वतःचाच विक्रम मोडत तो जुलै २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ८ मिनिटं ९.९१ सेकंदांपर्यंत आला. सहा वर्षांत जवळजवळ वीस सेकंद! २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याला रौप्य मिळालं, सुवर्ण हुकलं ते सेकंदाच्या पाच शतांशांनी. १९९४ नंतर पुरुषांच्या या शर्यतीचं राष्ट्रकुल पदक केनियाबाहेर गेलंच नव्हतं. २०२३ मध्ये हांगझोला आशियाई सुवर्ण, २०२४ मध्ये ऑलिंपिकची अंतिम फेरी. स्टीपलचेसमध्ये तिथवर पोचलेला तो पहिला भारतीय पुरुष.

हे सगळं ऐकून छाती फुगते. पण एक प्रश्न मला सोडत नाही. टार्नाबीच्या पोराला उतार पाचव्या वर्षी भेटला, मांडव्याच्या पोराला शर्यत विशीत भेटली, आणि तीही गावात नाही, फौजेत. सैन्यभरतीत तो उतरला नसता तर? पाटोदा, पाथर्डी, कर्जत, आपलं कोपरगाव, इथली किती पोरं अशी शर्यत न भेटताच राहिली असतील? जिद्दीच्या गोष्टी सांगताना आपण हा हिशेब मांडतच नाही. सहा किलोमीटरच्या पायपिटीचं आपण कौतुक करतो, आणि ती पायपीट त्या पोराच्या वाट्याला का आली हे विचारायचं राहून जातं.

कोपरगावच्या मुलांनो, तुम्ही गोदावरीच्या कालव्यांवर पोसलेल्या भागातले आहात. इथल्या शेतकऱ्यांनी शेअर्सचे पैसे गोळा करून साखर कारखाने उभे केले. एकट्याच्या आवाक्याबाहेरचं काम चारचौघांनी मिळून कसं करायचं, हे या तालुक्याला शिकवावं लागत नाही. मग माझं एवढंच मागणं आहे. यंदा आपापल्या गावच्या शाळेचं मैदान बघून या. सातबारा कुणाच्या नावावर आहे, अतिक्रमण कुठवर आलंय, ते तपासा. ग्रामसभेत विषय मांडा, ठरावाची नक्कल हातात घ्या. आणि पावसाळा संपला की दहा जण मिळून तिथे चुन्याने धावपट्टी आखा, पहिलीच्या पोरांना तिच्यावर पळू द्या.