घागरींचा हिशेब



हुबळी-धारवाडच्या नळाला येणारे मलप्रभेचे पाणी नविलतीर्थच्या धरणातले, हे आपण जाणताच. ती मलप्रभा उगम पावते खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीला, माउलीच्या देवळापाशी. पावसाळ्यात तिथे छत्री टिकत नाही; तरी उन्हाळ्यात काही घरांना पाणी लांबून आणावे लागते.

सुट्टीत आम्ही काही जणांनी तिथल्या मुलांना संख्याशास्त्र शिकवायचे ठरवले. प्रत्येकाला एक वही दिली. घरात रोज किती घागरी लागतात ते लिहायचे. प्रत्येक घरची घागर वेगळी, म्हणून आधी लिटरच्या बाटलीने ती मोजून घेतली. मग एकूण लिटर भागिले घरची माणसे.

पुढे आली सरासरी. समजा, पाच घरांत रोज माणशी 40, 45, 50, 55 आणि 160 लिटर पाणी लागते. सरासरी 70. जलजीवन मिशनचे प्रमाण माणशी रोज 55 लिटर, म्हणजे वाडी पास! पण आकडे चढत्या क्रमाने लावले, तर मधला आकडा, म्हणजे मध्यक, येतो 50. पाचपैकी तीन घरे प्रमाणाच्या खालीच. मग हे 160 कुठून आले? चुकीची नोंद, लग्नघर की गळकी टाकी? आकडा खोडायचा नाही. त्या घरी जाऊन विचारायचे.

एक रकाना मात्र आम्ही विसरलो होतो. एका मुलीने विचारले, "पाणी कोणी आणलं, ते कुठं लिहायचं?" दुसऱ्या दिवसापासून तो रकाना घातला. भरून आला, तेव्हा वहीमागून वही 'आई', 'ताई', 'आई'. सरकारी नोकरीत आम्ही जन्मभर तक्ते भरत आलो, पण हा रकाना आम्हाला सुचला नव्हता. पुढच्या आठवड्यात दोन-तीन वह्यांत 'मी' असेही आले, मुलग्यांच्या अक्षरात.

म्हादई लवादाच्या 2018 च्या निवाड्यात कळसा नाल्याचे 1.72 टीएमसी पाणी आहे. एक टीएमसी म्हणजे सुमारे 2,832 कोटी लिटर. एवढे मोठे आकडे समजायला आधी आपली घागर मोजलेली असावी.

तेव्हा मंडळी, यंदा घरच्या बाप्पासमोर आरतीच्या पुस्तकाशेजारी एक वही ठेवा. पाच दिवस मुलांना बादल्या मोजू द्या. आणि शेवटचा रकाना विसरू नका.

गणपती बाप्पा मोरया!