महागडी केबल कानाला कळते का?



ऑगस्ट 1983 मध्ये 'स्टिरिओ रिव्ह्यू' या अमेरिकी मासिकात लॉरेन्स ग्रीनहिल यांनी स्पीकरच्या वायरींची परीक्षा घेतली. एक होती मॉन्स्टर कंपनीची गाजलेली जाड केबल, दुसरी टेबललॅम्पला असते तसली 16 गेजची साधी वायर आणि तिसरी 24 गेजची, अगदी बारीक. पन्नास तासांच्या खटाटोपानंतर निघालेला निष्कर्ष असा: संगीत ऐकताना मॉन्स्टर आणि लॅम्पची वायर यांतला फरक ओळखू येत नाही. मागे पडली ती बारीक वायर.

असे का व्हावे? वायर जितकी बारीक आणि लांब, तितका विजेला रोध जास्त. घरात वापरतात ती दीड स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर पाच मीटर घेतली, तर जाऊन-येऊन दहा मीटर तांबे झाले. त्याचा रोध सुमारे 0.13 ओहम. स्पीकर आठ ओहमचा असेल, तर आवाज जेमतेम 0.14 डेसिबलने उतरतो. एवढी घट गाणे ऐकताना कळत नाही. अंतर जास्त असले, तर अडीचची वायर घ्यावी. तीही कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते.

2007 मध्ये पिअर कंपनीच्या 'अंजू' केबलची बारा फुटी जोडी 7,250 डॉलरना विकली जात होती. ती नुसत्या कानाने ओळखून दाखवणाऱ्याला अचाट दावे तपासणारे जादूगार जेम्स रँडी यांनी दहा लाख डॉलर देऊ केले. ती परीक्षा झालीच नाही.

तरी फरक जाणवल्याचे सांगणारे रसिक खोटे बोलत नसतात. आवाज किंचित वाढला, तरी तो अधिक स्वच्छ वाटतो. शिवाय वायर बदलेपर्यंत काही मिनिटे जातात आणि आधीचा नाद तेवढा बारकाईने ध्यानात राहत नाही. म्हणून तुलना करताना दोन्ही वायरींचा आवाज सारखा ठेवावा, वायर दुसऱ्याने बदलावी आणि ऐकणाऱ्याला ती दिसू नये.

केबलकडे खरेच लक्ष द्यावे लागते ते रेकॉर्ड प्लेअरच्या बाबतीत. पिकअपचा सिग्नल अवघ्या काही मिलिव्होल्टचा असतो. केबलचे शील्डिंग किंवा अर्थिंग नीट नसेल, तर गाण्यात घुंऽऽ असा आवाज मिसळतो. तिथे चांगली शील्ड असलेली, आखूड केबल घ्यावी.

एरवी हजारो रुपये हाताशी असतील, तर ते आधी चांगल्या स्पीकरवर खर्च करावेत. मग खोलीत सतरंजी अंथरावी, जाड पडदे लावावेत आणि स्पीकर कोपऱ्यातून फूटभर पुढे ओढून पाहावा. तबल्याच्या डग्ग्याची घुमी बदललेली घरातल्या प्रत्येकाला ऐकू येईल.