मुले वयात येताना
(पालक सभेतील भाषणाचा मजकूर)



मुलगी 'शहाणी झाली', तिला 'न्हाण आले' असे म्हणण्याचा प्रघात आपल्याकडे जुना आहे. बालविवाहाच्या काळात या प्रसंगी लग्न झालेल्या मुलीला मखरात बसवीत. तो काळ गेला, मखरही गेले. परंतु मूल वयात येते ते त्या एका दिवशी, हा समज मात्र अद्याप गेलेला नाही. वास्तविक पहिली पाळी येण्यापूर्वी साधारणपणे दोन ते अडीच वर्षे मुलीच्या शरीरात हे परिवर्तन सुरू झालेले असते.

त्याचे पहिले चिन्ह बहुधा स्तनांची वाढ हे होय. ८ ते १३ या वयात ती केव्हाही सुरू होऊ शकते. कधी एका बाजूस आधी गाठ लागते व दुखते. त्यात घाबरण्यासारखे काही नसते. मागोमाग केस येतात, उंची झपाट्याने वाढते आणि शेवटी पाळी येते. म्हणजे निसर्ग आईला पुरेशी आगाऊ सूचना देतो. ही सूचना मिळाली की बहुतेक घरांत काय होते? 'आता अंगणात खेळू नकोस', 'नीट बस', अशा आज्ञा सुरू होतात. कारण मात्र कोणी सांगत नाही. मग पाचवी-सहावीतील एखादी मुलगी वर्गात बाकावरून उठते, झग्यावर डाग दिसतो, आणि आपल्याला काही भयंकर आजार झाला असे समजून ती घरी रडत येते. पुढे दर महिन्याला तिची शाळा बुडू लागते. आईने अथवा आजीने वर्षभर आधी दहा मिनिटे काढली असती, तर हे टळले असते.

आहाराच्या बाबतीतही असाच उशीर होतो. न्हाण आल्यावर मुलीला लाडू-खीर देण्याची हौस घराघरांत दिसते. परंतु तिची उंची सर्वांत वेगाने वाढते ती पहिल्या पाळीच्या आधी. नंतर ती बहुधा ५ ते ७ सेंटिमीटरच वाढते. चतुर्थीला शिवलेला झगा शिमग्याला आखूड झाला, तर मुलीची भूक वाढण्याचा काळ तोच आहे असे ओळखावे. नाचणीची आंबील, कुळीथ, तांबडी भाजी, अंडे, बांगडा यांतील जे घरात असेल ते तिच्या पानात भावाइतकेच वाढावे. बांगड्याचा मधला तुकडा कोणाच्या पानात जातो, हे प्रत्येक घराला ठाऊक आहे!

पाळी सुरू झाल्यानंतर पहिली दोन वर्षे ती अनियमित असू शकते. घडी वापरत असल्यास ती साबणाने धुऊन उन्हात वाळवावी. लाजेपोटी ती इतर कपड्यांखाली दडपून वाळत घालतात. पावसाळ्यात ती ओलसरच राहते व जंतू वाढतात. ऊन नसेल तेव्हा वाळल्यावर गरम इस्त्री फिरवावी.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातील १५ ते १९ वयोगटातील ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला; त्याच वयाच्या मुलांमध्ये ते प्रमाण ३१ टक्के होते. साप्ताहिक लोह व फॉलिक ॲसिड योजनेची निळी गोळी याचसाठी आहे. ती जेवणानंतर घ्यावी, चहाबरोबर घेऊ नये. शौचास काळपट होते म्हणून ती खिडकीबाहेर फेकण्याचे कारण नाही.

मुलाकडे तर कोणाचेच लक्ष नसते. त्याच्यातील बदल साधारणपणे ९ ते १४ या वयात सुरू होतो. पण त्याचे पहिले चिन्ह, अंडकोशांची वाढ, आईवडिलांच्या दृष्टीस पडत नाही. मिसरूड फुटते, आवाज घोगरा होतो, तोवर बरेच घडून गेलेले असते. झोपेत वीर्यस्खलन झाले की मुलगा हादरतो. आणि घरात विचारण्याची सोय नसल्याने भिंतीवरील 'गुप्तरोग' वैद्याच्या जाहिरातीवर किंवा मोबाइलवर दिसेल त्यावर विश्वास ठेवतो. हा रोग नव्हे, त्याने अशक्तपणा येत नाही, हे वडिलांनी किंवा काकाने त्याला स्पष्ट सांगितले पाहिजे. अनेक मुलांची छाती काही काळ किंचित उभारते व बहुधा वर्ष-दोन वर्षांत आपोआप पूर्ववत होते. यावरून घरात चेष्टा झाली, तर मुलगा तळ्यावर पोहणे सोडतो, खेळाच्या तासाला बसून राहतो, आणि घरच्यांना तो उगीच तुसडा झाला असे वाटते.

मुलीत ८ वर्षांपूर्वी किंवा मुलात ९ वर्षांपूर्वी ही चिन्हे दिसल्यास, तसेच मुलीत १३ व मुलात १४ वर्षांपर्यंत ती मुळीच न दिसल्यास, मुलाला प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. १५ वर्षे पूर्ण होऊनही पाळी न येणे, सात दिवसांहून अधिक रक्तस्राव होणे, किंवा दर महिन्याला शाळा बुडेल इतके पोट दुखणे, यांसाठीही तेथेच जावे. आणि तपासणीच्या वेळी मुलीला डॉक्टरांशी चार शब्द एकटीने बोलू द्यावे.