वेळेवर अन्न
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी कोणी तरी जाणता वक्ता बोलावण्याची आपली रीत. यंदा चिटणीसबाईंनी माझेच नाव पुढे केले. यवतमाळात बायबलच्या जाणकारांना कधी तोटा नव्हता. १९५३ पासून १९८३ साली पुण्यास जाईपर्यंत युनियन बिब्लिकल सेमिनरी आपल्याच गावात होती. मी तिथे शिकलेली नाही. तेव्हा चुलीपुढे जे सुचले तेच बोलणार.

प्रभू परत येईपर्यंत आपण काय करायचे, हा आजचा विषय. मत्तयाच्या शुभवर्तमानात पंचविसाव्या अध्यायात दहा कुमारींचा दृष्टांत आहे, त्याच्या पाठोपाठ दासांना सोपवलेल्या पैशांचा आहे. हे दोन्ही सगळ्यांना पाठ. पण त्यांच्या आधी, चोविसाव्या अध्यायाच्या अगदी शेवटी, एक लहानसा दृष्टांत आहे. तो आपण वाचतो आणि पुढे जातो. धनी परगावी जातो आणि घरच्या माणसांवर एका दासाला नेमतो. कशासाठी? राखणीचा किंवा हिशेबाचा तिथे उल्लेखच नाही. माणसांना वेळच्या वेळी जेवायला घालायचे, एवढेच त्याचे काम. धनी येईल तेव्हा तो हेच करताना सापडला, तर तो धन्य. आणि धन्याला यायला अवकाश आहे असे मनाशी म्हणून तो सोबतच्या दासांना मारू लागला, दारुड्यांबरोबर खाऊपिऊ लागला, तर धनी नको त्या दिवशी दारात उभा राहील.

लूकने हाच दृष्टांत बाराव्या अध्यायात दिला आहे. तिथे अन्नासाठी जो शब्द आहे त्याचा अर्थ मापून दिलेला धान्याचा वाटा. पायलीने, कुडवाने मोजून प्रत्येकाच्या पदरात घालायचा. कोणाला जास्त नाही, कोणाला विसरायचे नाही.

आपल्याकडे हे समजायला पंडित लागत नाही. गुढीपाडव्याला सालदाराचे साल ठरते. मूळ ग्रंथातला दास म्हणजे गुलाम. सालदार तसा नव्हे, पाडव्याला तो दुसरा मालक पाहू शकतो, निदान बोलायला तरी. पण मालक दवाखान्यासाठी किंवा कोर्टाच्या तारखेसाठी नागपूरला गेला की घर-गोठा त्याच्यावरच. मालक परत आला म्हणजे आधी काय पाहतो? घरात न शिरता गोठ्यात जातो आणि बैलांच्या पोटाकडे पाहतो. तोंडाने कोणी काही सांगो, वैरण वेळेवर पडली की नाही ते तिथे दिसते.

आता माझीच गोष्ट सांगते. कापूस वेचणीचे दिवस होते आणि आमच्या घरी पवित्र शास्त्राचा अभ्यास होता. विषय हाच, प्रभूचे पुनरागमन. लढाया, भूकंप, दुष्काळ, कोणती खूण झाली आणि कोणती राहिली, यावर दोघांचा चांगलाच वाद जुंपला. मीही त्यात होते, आणि खोटे कशाला बोलू, मला मौज वाटत होती. आमच्या सासूबाईंना साखरेचा आजार. सकाळी सुई टोचली की ठरल्या वेळी जेवण पोटात जायलाच हवे. पाहुण्यांसमोर हाक कशी मारायची म्हणून त्या आतल्या खोलीत गप्प बसून राहिल्या. तीन वाजता मी आत गेले तेव्हा त्या घामाने चिंब झालेल्या, हात थरथरत होते. गुळाचे पाणी पाजले, देवाने सांभाळले. थोड्या सावरल्यावर त्यांनी एवढेच विचारले, "काय ठरलं वं? कवा येते म्हन्ते प्रभू?"

त्यांच्या बोलण्यात कुचकेपणा नव्हता. म्हणूनच ते जास्त लागले.

हा दृष्टांत मंडळीच्या पुढाऱ्यांसाठी आहे, असे पुष्कळ भाष्यकार म्हणतात. लूकमध्ये पेत्रानेही विचारले आहे की हे आम्हांलाच सांगतोस की सर्वांना? प्रभूने सरळ उत्तर दिले नाही, उलट प्रश्नच विचारला की असा विश्वासू कारभारी कोण? ज्याच्या हाती दुसऱ्याचे अन्न आहे तो, असे मी त्याचे उत्तर समजते. मग पाळकाइतकेच ते मला लागू.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण घ्या. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या आपल्या वऱ्हाडाशेजारच्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने वाळलेल्या मुली घेऊन आल्या. केडगावच्या मुक्तीत अशा शेकडो जणी राहिल्या. प्रभू येणार यावर बाईंची श्रद्धा होती. पण तेवढ्यासाठी तिथली चूल थंड झाली नाही. शेती, दुभती जनावरे, तेलाचा घाणा, माग, छापखाना, सारे मुलींच्या हातून चाले. दहा कुमारींची दिवटी आपण पुष्कळ वाखाणतो, पण तेल कोणी तरी गाळावे लागते! बाईंनी इब्री आणि ग्रीक भाषांवरून बायबल सोप्या मराठीत उतरवले, अडाणी बाईलाही कळावे म्हणून, आणि त्याचे खिळे मुक्तीतल्या स्त्रियांनीच जुळवले. १९२१ साली एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, तरी मुद्रिते तपासणे थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी बाई गेल्या. छापलेला संपूर्ण ग्रंथ त्यांच्या मागून आला. माझ्या मते हाही मापून दिलेला वाटाच.

एक गोष्ट बोलावी की नाही, असे दोन दिवस चालले होते. बोलतेच. शास्त्रात मालकाला 'धनी' म्हटले आहे, आणि आपल्या खेड्यांतून बाई नवऱ्यालाही धनीच म्हणते. या जिल्ह्यात कापसाच्या कर्जापायी ज्यांचा धनी परत येणार नाही अशी किती घरे आहेत, ते तुम्हांला ठाऊक आहे. त्या बायकांना वाट पाहायलाही कोणी उरले नाही. तरी पोरे शाळेतून येतात तेव्हा भाकर तयार असते. आणि धनी जिवंत असून दारूपायी घरच्यांवर हात उचलतो, अशीही घरे आहेत. दृष्टांतातला दुसरा दास मला पुस्तकात शोधावा लागत नाही. अशा घरी जाऊन नुसते धीर धरा म्हणणे मला जमत नाही. आधी पिशवीत काय आहे ते पाहावे, मग तोंड उघडावे.

लूकच्या त्याच अध्यायात आणखी एक नवल आहे. धनी येतो, दास जागे सापडतात, तर तो स्वतःच कंबर बांधतो, त्यांना पंगतीला बसवतो आणि वाढतो. असा मालक मी तरी पाहिलेला नाही. आपण बाया सगळ्यांचे झाल्यावर, उरलेसुरले घेऊन बसणाऱ्या. आपल्याला हे वाचतानाही अवघडल्यासारखे होते.

घड्याळात एकला दहा मिनिटे कमी आहेत. आत भात उतरला आहे. सकाळपासून ज्या स्वयंपाकघरात राबत आहेत त्यांनी आज पहिल्या पंगतीला बसायचे आहे. वाढायला चिटणीसबाई आणि मी आहोत.