पावसातली विजेची स्कूटर

पाऊस सुरू झाला की ‘विजेची स्कूटर भिजली तर शॉक बसेल का?’ हा प्रश्न हमखास कानावर येतो. गाडी सुस्थितीत असेल, तर भिजण्याची भीती अनाठायी आहे. बॅटरी आणि मोटर पाणी शिरू नये अशाच बंदिस्त केलेल्या असतात.

अनेक बॅटऱ्यांवर ‘आयपी ६७’ असं लिहिलेलं असतं. त्यातला ६ धुळीसाठी, ७ पाण्यासाठी. एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास ठेवूनही आत अपायकारक इतकं पाणी शिरत नाही, हा त्याचा अर्थ. पण ही चाचणी संथ, स्वच्छ पाण्यातली! मुंबईच्या हिंदमाता चौकात तुंबणारं गढूळ पाणी तिच्या हिशेबात नाही. जोरदार फवाऱ्याची चाचणीही वेगळी असते, म्हणून धुलाई केंद्रातला प्रेशर पंप टाळा आणि ओल्या फडक्याने गाडी पुसा.

खरी जपणूक चार्जिंगच्या वेळी. सॉकेट कोरडं, आडोशाला आणि अर्थिंग असलेलं हवं. भिजलेला प्लग आधी पुसून वाळू द्या. गाडी पुरात बुडाली असेल, तर ती सुरू करू नका, चार्जिंगलाही लावू नका. थेट सर्व्हिस सेंटर गाठा. आत शिरलेल्या पाण्याने बॅटरी नंतरही पेट घेऊ शकते.

आणि हो, निसरड्या रस्त्यावर मोटरची ओढ सौम्य ठेवणारा इको मोड बरा. एरवी ही ओढ पहिल्या क्षणापासून पूर्ण मिळते, त्यामुळे चाक चटकन घसरतं.