हात, पाय आणि पंख : एकाच सांगाड्याची अनेक रूपे
(विद्यार्थी मार्गदर्शन शिबिरातील व्याख्यान)



वटवाघूळ उडते, चिमणी उडते आणि फुलपाखरूही उडते. मग या तिघांचे पंख एकाच जातीचे आहेत काय? वरवर पाहिले तर उत्तर 'होय' असे येते. पण आपण वरवर पाहून थांबायचे नाही. कातडीच्या आत काय आहे, ते तपासायचे.

सुरुवात आपल्याच हातापासून करू. खांद्यापासून कोपरापर्यंत एक हाड, कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडे, मनगटात लहान लहान हाडे, पुढे तळहात आणि बोटे. हीच मांडणी बैलाच्या पुढच्या पायात, मांजराच्या पंजात आणि देवमाशाच्या परातही आढळते. घोडा प्रत्येक पायाच्या एकाच बोटावर धावतो, तर बैल दोन बोटांच्या खुरांवर उभा राहतो. कुठे हाडे जुळून गेली, कुठे बोटे नाहीशी झाली, पण मूळ आराखडा तोच राहिला.

हे साम्य रिचर्ड ओवेन या इंग्रज शास्त्रज्ञाने बारकाईने मांडले. त्याचे कारण मात्र १८५९ साली चार्ल्स डार्विनने सांगितले : या सर्वांचा पूर्वज एक आहे. अशा अवयवांना आपण समजात अवयव म्हणतो. २००४ साली कॅनडाच्या उत्तरेकडील एल्समिअर बेटावर टिकटालिक या माशाचे जीवाश्म सापडले. सुमारे ३७ कोटी ५० लाख वर्षांपूर्वीच्या या माशाला खवले होते, पर होते. पण त्या परांच्या आत दंडाची, कोपराखालची आणि मनगटासारखी हाडे होती. म्हणजे हाताची पूर्वतयारी पाण्यातच झाली होती.

आता पंखांकडे वळू. वटवाघळाचा पंख म्हणजे त्याचा हातच होय. चार बोटे खूप लांब झाली, त्यांच्यामध्ये त्वचेचा पडदा ताणला गेला आणि अंगठा मोकळा राहिला. पक्ष्याच्या पंखात बोटे आखडून जुळली आहेत. तेथे उडण्याचे काम पिसे करतात. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी नामशेष झालेल्या टेरोसॉर या उडणाऱ्या सरीसृपांचा पंख एकाच लांबलचक चौथ्या बोटावर तोललेला होता. हात वारशाने मिळाला, पण उडण्याची कला तिघांनी स्वतंत्रपणे साधली. फुलपाखराच्या पंखात तर हाडच नाही. काम सारखे, परंतु घडण वेगळी. म्हणून तो केवळ कार्यसदृश अवयव होय.

याची खूण आपल्या जन्मकथेतही आहे. आईच्या पोटात गर्भाच्या बोटांमध्ये पडदा असतो. तेथील पेशी मरतात आणि बोटे सुटी होतात. वटवाघळाच्या पंखात तो पडदा टिकतो. अजगराला पाय नाहीत, तरी त्याच्या शरीराच्या मागील भागात मागच्या पायांचे अवशेष नख्यांच्या रूपाने दिसतात.

मित्रांनो, यातून आपण काय घ्यायचे? उत्क्रांती ही शिडी नव्हे. ती फांद्या फुटत गेलेले झाड आहे. त्यात घोड्याचे एक बोट कमी प्रतीचे नाही आणि आपली पाच बोटे श्रेष्ठ नाहीत. ज्याच्या-त्याच्या जगण्याला जे उपयोगी पडले, ते टिकले. जन्मानेच कोणी वरचा आणि कोणी खालचा, या कल्पनेला निसर्गाच्या या झाडावर कोठेही आधार सापडत नाही.

२०२३ साली एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला, तेव्हा देशभरातील अनेक शास्त्रज्ञांनी विरोध नोंदवला. धडा पुस्तकात असो वा नसो, पुरावा आपल्या मनगटातच आहे. तो चाचपून पाहा, प्रश्न विचारा आणि उत्तराची खात्री करून मगच ते स्वीकारा.